दिवाळी अंकाला पहिली कथा पाठवायचीय? मग आंब्याच्या दिवसांत बसा

नवरात्रात दरवर्षी मला एक तरी फोन येतो. "कथा लिहिलीय, दिवाळी अंकाला द्यायचीय, कुणाकडे पाठवू?" तोवर अंक छापखान्यात गेलेला असतो, काही तर बांधणीलाही लागलेले असतात. मी म्हणतो, पुढच्या वर्षी बघू. पलीकडून आश्चर्य: "अहो, दिवाळीला अजून तीन आठवडे आहेत की!"

मला त्यांचा राग येत नाही, कारण माझी पहिली कथा मी घटस्थापनेच्या दिवशी टपालात टाकली होती. मार्गशीर्षात ती परत आली, सोबत जोडलेल्या माझ्याच तिकीट लावलेल्या पाकिटातून. वर शिक्का ‘साभार परत’ आणि खाली पेन्सिलीने एक ओळ: ‘उशीर झाला. ज्येष्ठात पाठवा.’ कथा बरी की वाईट, याबद्दल अवाक्षर नाही. पुढे काही वर्षांनी जिल्ह्याच्या गावाहून निघणाऱ्या एका छोट्या अंकासाठी आलेल्या कथा वाचायचं काम माझ्याकडे आलं, ते सात वर्षं केलं. पहिली चाळणी म्हणतात तिला. दीडेकशे कथा यायच्या, जागा आठ-नऊ कथांची. त्या ढिगासमोर बसल्यावर कळलं, की बऱ्याच कथा मजकुरामुळे बाद होतच नाहीत. त्या चुकीच्या दारात, चुकीच्या वेळी, चुकीच्या कपड्यांत उभ्या असतात. हे सगळं टाळता येतं. कसं, ते पुढे सांगतो.

आधी पंचांग बघा

दिवाळी अंक उन्हाळ्यात जमतो, पावसाळ्यात घडतो आणि ऑक्टोबरात विकला जातो. संपादक नावाजलेल्या लेखकांना पत्रं पाठवतात ती मार्च-एप्रिलमध्ये. जे अंक नवोदितांकडून साहित्य मागवतात, त्यांची आवाहनं साधारण मे ते जुलैमध्ये येतात. ऑगस्टच्या मध्यापर्यंत बहुतेकांची निवड उरकलेली असते. त्यानंतर चित्रकाराकडे कथा जाणार, अक्षरजुळणी, दोन-तीन वेळा मुद्रितं (प्रूफं) तपासणं, जाहिरातींची धावपळ. गणपती उठले की संपादक फक्त जाहिरातदारांचे फोन घेतो असं आमच्यात म्हणतात, आणि ते फारसं खोटं नाही. अंकाचा डोलारा जाहिरातींवर उभा असतो.

अधिक महिना आला की दिवाळी पुढे सरकते. २०२५ सालचं लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, तर २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने ते ८ नोव्हेंबरला. म्हणून आपल्याला अडीच आठवडे जास्त मिळाले असं समजू नका. ते अडीच आठवडे जाहिरात विभाग खातो.

तेव्हा हिशेब सोपा आहे. कच्चा खर्डा होळीच्या आसपास, दुसरा खर्डा आंब्याच्या दिवसांत, आणि वटपौर्णिमेपर्यंत कथा पाठवलेली. पेन्सिलीतल्या त्या ओळीचा अर्थ एवढाच होता.

मग दार निवडा

मराठीत दिवाळी अंकाची प्रथा १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजन’ने पाडली. तेव्हापासून आजतागायत इतक्या तऱ्हांचे अंक निघाले आहेत, की ‘दिवाळी अंकाला कथा पाठवायची’ हे वाक्यच अर्धवट आहे. कोणत्या अंकाला? ‘आवाज’ची ओळख विनोद आणि खिडकीचित्रं (पानाला पाडलेल्या खिडकीतून मागचं चित्र डोकावतं ती). ‘धनंजय’ आणि ‘नवल’कडे वाचक रहस्य, गूढ, भय यांसाठी वळतो. ‘साधना’चा पिंड वैचारिक, आणि बालकुमारांसाठी त्यांचा वेगळा अंक असतो. मुलांसाठी लिहीत असाल तर बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून चालू आहे. विज्ञानकथा असेल तर मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानरंजन कथास्पर्धा हा आणखी एक रस्ता. १९७४ साली त्या स्पर्धेत पहिली आलेली कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आली होती. आद्याक्षरं उलटी वाचा: ज. वि. ना. लेखक जयंत विष्णु नारळीकर निघाले! नावाच्या वजनाने बक्षीस मिळू नये म्हणून त्यांनी हा खटाटोप केला. आपल्या नावाला अजून वजन नाही, हा आपला फायदाच समजा.

अंक निवडायचा तर तो आधी वाचायला हवा. एवढं साधं असूनही दहातले आठ जण हे करत नाहीत. सगळे अंक विकत घ्यायची गरज नाही. गावोगावच्या वाचनालयांत दिवाळी अंकांची योजना असते: एकदा वर्गणी भरायची आणि दोन-तीन महिने अंक बदलून बदलून न्यायचे. डिसेंबरात झुंबड ओसरली की जा, हवे ते अंक सापडतात. आणि फेब्रुवारीनंतर तेच अंक रद्दीच्या दुकानात किलोवर मिळू लागतात, तेव्हा पिशवी घेऊन जायचं. माझ्या घरात त्यासाठी अजून बोलणी बसतात.

आणलेला अंक गोष्टी वाचायला म्हणून नव्हे, तर हेरासारखा वाचा. माझी एक पद्धत आहे. अनुक्रमणिका उघडायची, पेन्सिल घ्यायची आणि ओळखीच्या कथालेखकांच्या नावांवर हलकी रेघ मारायची. (अंक वाचनालयाचा असेल तर मनातल्या मनात.) जी नावं उरली ती मोजायची. पंधरातलं एकही नाव उरलं नाही तर तो अंक निमंत्रितांचा आहे, तिथे आपल्या कथेला जागा होणं कठीण. चार-पाच उरली तर ते दार किलकिलं आहे. मग त्या चार-पाच अनोळखी लोकांच्याच कथा आधी वाचायच्या. संपादकाने नाव बघून नव्हे, मजकूर बघून घेतलेल्या त्याच. त्यांची लांबी किती? शहरातल्या की गावातल्या? शेवट उकलून सांगतात की सोडून देतात? दोन वर्षांचे अंक असे बघितले तर संपादकाची आवड तुम्हाला त्याच्या बायकोइतकी कळेल.

असे तीन अंक निवडा आणि क्रम लावा. कथा एका वेळी एकालाच पाठवायची. हे कुठे लिहिलेलं नसतं, पण एकच कथा दोन अंकांत छापून आली तर दोन्ही दारं बंद होतात, आणि संपादक मंडळी एकमेकांशी बोलतात.

कथेवर हात फिरवताना

कथा कशी लिहावी हे मी सांगणार नाही, मला ते नीट ठाऊकही नाही. पण लिहून झालेल्या कथेवरून हात कसा फिरवायचा हे सात वर्षांत थोडं शिकलो.

लांबी: पहिल्यांदा पाठवताय तर अडीच-तीन हजार शब्दांच्या आत राहा. अंकाच्या एका पानावर पाच-सहाशे शब्द बसतात, त्यात चित्र आलं की कमी. नवख्या माणसाची दहा पानी कथा घेणं म्हणजे संपादकाने दोन जाहिराती सोडणं. अंकाच्या आवाहनात शब्दमर्यादा दिली असेल तर ती पाळा. ‘थोडी जास्त झाली आहे, सांभाळून घ्यावे’ असं पत्रात लिहिलेली कथा मी एक निश्वास टाकूनच उघडायचो.

आता सुरुवात. ढिगातल्या निम्म्या कथांची सुरुवात साधारण अशी असे:

‘सकाळची कोवळी सूर्यकिरणे खिडकीतून अलगद आत डोकावत होती. पक्ष्यांचा किलबिलाट सुरू झाला होता. प्रियाला जाग आली. आज तिच्या आयुष्यातला एक महत्त्वाचा दिवस होता. तिने घड्याळात पाहिले आणि ती लगबगीने उठली. स्वयंपाकघरात आई गॅसपाशी उभी होती. दूध उतू चालले होते, पण आईचे तिकडे लक्षच नव्हते.’

(ही मी रचलेली आहे, कुणाची नाही. पण अशी पन्नास तरी वाचली असतील.) यात कथा कुठे सुरू होते? दुधापाशी. आई समोर उभी असून दूध उतू जातंय, म्हणजे या घरात काहीतरी बिनसलंय. स्वयंपाकघराच्या आधीची पाच वाक्यं लेखकाने बैठक जमवण्यासाठी लिहिली आहेत. लिहिताना ती लागतातच, त्यात लाज नाही. पण घर बांधून झालं की परांची काढतात. ती वाक्यं काढा:

‘दूध उतू चाललं होतं आणि आई गॅसपाशीच उभी होती. प्रियाने पुढे होऊन बटण बंद केलं. "झोप झाली का गं?" आई म्हणाली, ओट्यावर पसरलेल्या दुधाकडे न बघता.’

सूर्य गेला, पक्षी गेले, ‘महत्त्वाचा दिवस’ही गेला. तो खरंच महत्त्वाचा असेल तर वाचकाला पुढे कळेलच. तुमच्या कथेवर हा प्रयोग करून बघा: पहिला परिच्छेद बोटाने झाका आणि दुसऱ्यापासून वाचा. काही अडलं का? अडलं नाही तर तो परिच्छेद गेला. शेवटालाही हेच. शेवटचा परिच्छेद झाका. पुष्कळदा त्यात लेखकाने कथेचा अर्थ समजावून सांगितलेला असतो, कारण वाचकाला कळलं नसेल अशी भीती वाटते. दिवाळी अंकाचा वाचक फराळाचं ताट मांडीवर घेऊन आयुष्यभर कथा वाचत आलाय, त्याला कळतं.

दुसरं, निवेदनाची भाषा एक ठेवा. वरच्या नमुन्यात मी मुद्दाम ‘पाहिले, चालले’ ठेवलं आणि दुरुस्त करताना ‘चाललं, केलं’ केलं. दोन्ही चालतं, पण एका कथेत एकच. नवख्यांच्या कथेत पहिल्या पानावर ‘तिने दार उघडले’ आणि तिसऱ्या पानावर ‘तिने दार लावलं’ हमखास असतं. पात्रांच्या तोंडी बोली घालणार असाल तर ती तुमच्या कानात असायला हवी. सिनेमा बघून उचललेली गावरान भाषा लगेच उघडी पडते. सांगलीकडची बाई आणि जळगावकडची बाई एकसारखी बोलत नाही, आणि दोघींपैकी एकीच्या गावचा वाचक अंक उघडणारच आहे. बोली येत नसेल तर साधी घरगुती मराठी लिहा, कुणी हरकत घेत नाही.

मग एकदा मोठ्याने वाचा. एकट्याने, दार लावून. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य वाकडं आहे.

टंकन: इथे सर्वांत जास्त कथा मरतात

हाताने लिहिलेली कथा काही अंक अजून स्वीकारतात, पण ती कुणालातरी टंकित करावी लागते आणि जुलैत तो कुणीतरी रिकामा नसतो. स्वतः टंकित करा, आणि युनिकोडमध्येच करा, म्हणजे अक्षरं कुठल्याही संगणकावर तशीच दिसतात. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात. ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथे तुमची कथा म्हणजे कंस, टक्के आणि उद्गारचिन्हांची रांगोळी. मला अशा कथा दरसाल यायच्या. एकीच्या लेखकाने फोनवर ‘कशी वाटली?’ म्हणून विचारलं, तेव्हा काय सांगावं ते सुचेना.

मोबाइलवर लिहिलंत तर ते आपोआप युनिकोडमध्येच असतं. बोलून लिहायची सोयही आता चांगली चालते, फक्त विरामचिन्हं आणि परिच्छेद नंतर हाताने घालावे लागतात. फाइल वर्डची पाठवा. पीडीएफमधून मजकूर काढताना वेलांट्या आणि जोडाक्षरं फुटतात, आणि डीटीपीवाला, म्हणजे अक्षरजुळणी करणारा, तुमच्या नावाने बोटं मोडतो. व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यांनी कथा तर कधीच पाठवू नका. फाइलला तुमचं आडनाव आणि कथेचं नाव द्या. संपादकाच्या संगणकात ‘कथा फायनल नवीन २’ नावाच्या आधीच नऊ फाइल असतात.

आता एक बारीक गोष्ट, जी मोबाइल-मराठीत सर्रास चुकते. ‘वाऱ्यावर’ मधला र अर्धा आणि आडवा आहे, ‘सूर्यावर’ मधला रफार डोक्यावर आहे. दोन्ही वेगळे. पण पुष्कळ जण ‘वार्यावर’ लिहून मोकळे होतात. फरक कुठे पडतो? ‘आचार्यांना बोलवा’ म्हटलं तर गुरुजी येतील, ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हटलं तर जेवण होईल. त्यासाठी कळफलकावर ‘ऱ’ असं वेगळं अक्षर असतं, इन्स्क्रिप्ट या कळफलकात ते शिफ्ट दाबून र वर मिळतं. ऱ, मग हलन्त (पाय मोडायची खूण), मग य. एकदा बोटाला सवय झाली की झालं.

शुद्धलेखनाचं फार दडपण घेऊ नका, पण अगदीच सोडून देऊ नका. मराठी साहित्य महामंडळाचे सध्या वापरात असलेले नियम अठरा आहेत, १९६२ सालचे चौदा आणि १९७२ साली त्यात पडलेले चार. दोन संध्याकाळी वाचून होतात. कथा लिहिणाऱ्याला त्यातलं रोज लागतं ते एवढंच: शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ (कवी, गुरू, वस्तू), पण असा मूळ संस्कृतात ऱ्हस्व असलेला शब्द समासात आधी आला की ऱ्हस्व (कविमन, गुरुदक्षिणा). ‘फूल’ दीर्घ, पण प्रत्यय लागला की ‘फुलाला’. ‘तिने’, ‘तीने’ नव्हे. ‘आणि’ आणि ‘परंतु’ या अव्ययांत शेवट ऱ्हस्वच. बाकीच्यासाठी मुद्रितशोधक असतात, त्यांचंही पोट चालायला हवं.

पत्र आणि पाठवणी

सोबतचं पत्र पाच ओळींचं पुरे. कथेचं नाव, शब्दसंख्या, कथा पूर्वी कुठेही प्रसिद्ध झालेली नाही ही ग्वाही, तुमचं नाव-पत्ता-फोन, आणि नमस्कार. फेसबुकवर टाकलेली कथा प्रसिद्ध झालेलीच धरतात, हे अनेकांना माहीत नसतं. मित्रांच्या गटात मत घ्यायला पाठवणं वेगळं, भिंतीवर लावणं वेगळं.

जीवनपट नको. ‘बालपणापासून वाचनाची आवड’ नको, ती सगळ्यांनाच होती. कथेचा आशयही पत्रात सांगू नका. मात्र त्या अंकातली गेल्या वर्षीची एखादी कथा खरोखर आवडली असेल तर एक वाक्य जरूर लिहा. तिचं नाव आणि काय आवडलं ते. मी असं पत्र आलं की कथा ढिगाच्या वर ठेवायचो. हा पक्षपात आहे, कबूल. पण वाचणारा माणूस बरं लिहितो असा माझा अनुभव आहे.

नंतरची शांतता

पोच आली तर आनंद. नाही आली तर दहा दिवसांनी एकदा विचारा, ‘मिळाली का’ एवढंच. ‘कशी वाटली’ नको. मग दोन महिने गप्प. ‘साभार परत’चा जमाना टपालाबरोबर गेला. आता बहुतेक ठिकाणी नकार म्हणजे उत्तर न येणं. मला हे पटत नाही, निदान एक ओळ लिहावी, पण ढिगासमोर बसणारी माणसं बहुधा नोकरी सांभाळून हे काम करतात हेही खरं. आवाहनात मुदत दिली असेल तर ती, नाहीतर गणपतीपर्यंत वाट बघायची. मग कथा मागे घेत असल्याचं दोन ओळींत कळवायचं आणि पुढच्या वर्षी क्रमांक दोनच्या अंकाला द्यायची. त्याआधी एकदा वाचून बघा. आठ महिने बाजूला राहिलेल्या कथेतल्या चुका आपोआप वर तरंगतात.

पैशांचं स्पष्ट बोलतो. मोठे अंक मानधन देतात, लहान अंक पुष्कळदा अंकाची एक प्रत देतात आणि तेवढ्यावर भागवतात. पहिल्या कथेला प्रत मिळाली तरी समाधान माना. पण उलटा व्यवहार नको. कथा छापण्यासाठी ‘सहभाग शुल्क’, पंचवीस प्रती घेण्याची अट, किंवा जाहिरात आणून देण्याची गळ असेल तर नम्रपणे नाही म्हणा. मी एकदा होय म्हटलं होतं. वीस प्रती घेतल्या, सोळा अजून माळ्यावर आहेत. त्या अंकात माझी कथा सोडून सगळ्या कथा प्रती घेणाऱ्यांच्याच होत्या, असं मी काही वर्षं समजत होतो. नंतर लक्षात आलं, की माझीही त्यातलीच होती.

एक वही करा. चार रकाने: कथा, अंक, पाठवल्याची तारीख, काय झालं. माझ्या वहीचं पहिलं पान ‘साभार परत’, ‘उत्तर नाही’, ‘उत्तर नाही’, ‘उशीर’ असं आहे. पाचव्या ओळीत ‘घेतली, पण दोन पानं कमी करायला सांगितली’. संपादकाने असं सांगितलं तर हुज्जत न घालता आधी करून बघा. तिथे मी कापलेली दोन पानं कुठली होती, हे आज मला आठवतही नाही.

अंक आला की छापलेली कथा मूळ फाइलशी ताडून बघा, पेन्सिल हातात घेऊन. कुठे शब्द बदलला, कुठे परिच्छेद जोडला, ते वहीत टिपा. मग अंक वाचनालयात द्या किंवा कपाटात ठेवा, आणि डिसेंबरात योजनेची वर्गणी भरायला जा. पुढच्या कथेसाठी अंक आत्ताच बघायला हवेत.